सात नंबरची बाटली

"साहेब, ह्यो सरडा न्हाय."

१९८४चा एप्रिल, बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरगावाहून आलेले परीक्षक टेबलाशी बसून मुलांच्या उत्तरपत्रिका तपासत होते आणि सात नंबरच्या बाटलीपुढे 'सॅलॅमँडर' लिहिणाऱ्या प्रत्येकाला लाल फुली देत होते. वीसपैकी सतरा मुलांनी सॅलॅमँडर लिहिलं होतं. तिघांनी घाबरून 'सरडा' लिहिलं आणि त्या तिघांना मार्क मिळाले.

बोलले ते सिद्रामअण्णा, म्हणजे आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे अटेंडंट सिद्राम कोलकार. हातात ओलं फडकं, अंगात खाकी शर्ट. परीक्षकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"तू कोण?"

"अटेंडंट, साहेब."

"आणि मला शिकवतोयस?"

"शिकवत न्हाई. बोटं मोजा म्हणतोय. पुढच्या पायाला चार हाईत. सरड्याला पाच असत्यात. नखं कुठं दिसत्यात का बघा. अंगावर खवला न्हाय, नुसती कातडी हाय, चामखीळ आल्यागत. आता पलीकडच्या बाटलीतला बेडूक बघा, त्येलाबी पुढं चारच. ह्यो बेडकाच्या घरातला हाय. शेपूट बघून फसू नगासा."

परीक्षकांनी बाटली उजेडाकडे धरली. डॉक्टरेट मिळवलेला माणूस चारपर्यंत मोजत होता आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजत होता. आमचे विभागप्रमुख, प्रोफेसर चिंतामणी हुदलीकर, खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. बाहेर सायकल स्टँडखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं.

चूक कशी झाली ते मला ठाऊक होतं, कारण मी तेव्हा विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते आणि उत्तरांची यादी मीच टाईप केली होती. परीक्षेला बाटल्यांवरच्या लेबलांवर नंबरांचे कागद चिकटवतात, म्हणजे मुलांना नाव वाचता येत नाही. आमच्याकडे सात नंबरला दरवर्षी सरडाच असायचा. फेब्रुवारीत सरड्याची बाटली फुटली. हुदलीकर सर म्हणाले, "जागा रिकामी दिसायला नको, काहीतरी ठेव." अण्णांनी सॅलॅमँडर ठेवला आणि तसं सरांना सांगितलंही. सरांनी मान हलवली आणि मला मागच्या वर्षीची यादी काढून दिली. "तारीख तेवढी बदल," म्हणाले. मी तारीख तेवढी बदलली.

सतरा मुलांचे मार्क दुरुस्त झाले. त्यातल्या एकानेही अण्णांचे आभार मानल्याचं मला आठवत नाही.

पण परीक्षकांना अटेंडंटकडून ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि ते कुणावर तरी काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागणार नव्हता. कप खाली ठेवून ते म्हणाले, "हुदलीकर, हा हिमालयातला प्राणी. संरक्षित यादीत आहे. तुमच्याकडे याचा दाखला असेलच?"

हुदलीकर सरांकडे कसलाही दाखला नव्हता.

*

सिद्रामअण्णांना तेव्हा त्या कॉलेजात सव्वीस वर्षं झाली होती. शिक्षण सातवी. बेळगावजवळच्या मच्छे गावाहून सायकलीने येत आणि सगळ्यांच्या आधी लॅब उघडत. मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत बेडूक असायचे, त्यांचं पाणी बदलणं हे त्यांचं पहिलं काम. या कामामुळे ऑफिसातले कारकून त्यांना 'बेडक्या' म्हणत, आणि नुसत्या बेडकांमुळेच म्हणत असं समजण्याइतकी मी भोळी नव्हते. अण्णांचा समाज कोणता आणि घरात फोटो कोणाचा, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. त्यांच्या हातचं पाणी न पिणारे दोन प्राध्यापक त्यांनी धुतलेल्या परीक्षानळ्या मात्र खुशाल वापरत.

मी त्याच कॉलेजात शिकले. पहिल्या डिसेक्शनला मी थेट कात्री लावायला निघाले होते. हुदलीकर सर पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स सांगून स्टाफरूमला गेले होते. अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. "पोरी, घाई करू नगंस. आदी त्येची कातडी उचल, मग काप. शीर तुटली की सगळं रगात हुतंय." शीर तुटली नाही. उभयचरांचं वर्गीकरणही मला त्यांनीच शिकवलं, टाकीतल्या शेपटीवाल्या पिल्लांकडे बोट दाखवून. "दोगंबी पाण्यात शेपटीसकटच जलमत्यात. बेडूक मोठा झाला की शेपूट जिरवतो आणि उड्या मारत सुटतो. सॅलॅमँडर शेपूट जपून ठेवतो आणि रांगत ऱ्हातो. म्हणून गण दोन. वर्ग एकच." एम.एस्सी.ला मी हेच इंग्रजीत लिहिलं आणि पहिली आले.

१९८१ साली मी तिथेच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. विद्यार्थिनीची 'बाई' झाले तशी अण्णांची 'पोरी' बंद झाली. त्यांनी मला 'तुमी' म्हणायला एक दिवससुद्धा लावला नाही.

अण्णांचं अक्षर छापल्यासारखं होतं. तीनशेच्या वर बाटल्या, आणि प्रत्येकीवर त्यांच्या हातचं काळ्या शाईतलं इंग्रजी लेबल: वर्ग, गण, नाव, ठिकाण, आणि शेवटी 'कलेक्टेड बाय', म्हणजे कुणी धरला. या शेवटच्या ओळीत जवळपास सगळीकडे प्रोफेसर सी. व्ही. हुदलीकर. सर साप बघून खुर्चीवर चढत, पण लेबलावर विश्वास ठेवायचा तर बेळगाव जिल्ह्यातले निम्मे साप त्यांनीच धरले होते.

एकदा अण्णांनी सासुरवाडीला, खानापूरच्या रानात, देवगांडूळ धरलं. दिसायला गांडूळ, पण जात बेडकाचीच. उभयचरांचा तिसरा गण, पाय अजिबात नाहीत. सहसा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. लेबल लिहिताना त्यांनी सरांना विचारलं, "ह्येच्यावर माझं नाव घालू का?" सर हसले, आणि आम्हा सगळ्यांकडे बघून हसले, म्हणजे आम्हीही हसावं. "गांडूळ धरणाऱ्याचं नाव कोण घालतं रे?" मीही थोडंसं हसले होते.

आणि सॅलॅमँडर? १९८२च्या मे महिन्यात आमची सहल दार्जिलिंगला गेली तेव्हाची गोष्ट. फॉर्मालिनचे डबे वाहायला आणि भात शिजवायला अण्णांना बरोबर नेलं होतं. चहाच्या मळ्याखाली एक डबकं होतं. सर काठावर छत्री धरून उभे होते आणि अण्णा गुडघाभर गार पाण्यात. "तो बघ, तो बघ, धर त्याला," सर ओरडत होते. मी सरांच्या शेजारी होते. धरून झाल्यावर सरांनी तो तळहातावर घेऊन फोटो काढून घेतला.

*

जूनमध्ये वनखात्याचं पत्र आलं. संरक्षित प्राणी विनापरवाना कुणी आणला, खुलासा करावा. चौकशीला अधिकारी येतील.

त्याच महिन्यात लॅब असिस्टंटची जागा भरायची होती. सव्वीस वर्षांनंतर अण्णांच्या वाट्याला येऊ शकणारी ही पहिली आणि शेवटची बढती. टेबल, खुर्ची, रजिस्टरवर स्वतःची सही. त्यांची बायको सोनुबाई शेजाऱ्यांना सांगून बसली होती. "आमच्या ह्यास्नी आता खुर्ची मिळायची हाय," असं ती मलासुद्धा बाजारात म्हणाली होती.

सरांनी अण्णांना लॅबमध्ये बोलावलं. मी तिथेच मायक्रोस्कोप पुसत होते आणि सरांनी मला जायला सांगितलं नाही. मी त्यांच्या हिशेबात नव्हतेच.

"सिद्राम, त्या बाटलीचं लेबल नवीन लिही. कलेक्टेड बाय, एस. बी. कोलकार."

अण्णांनी हातातलं फडकं पिळून खांद्यावर टाकलं.

"तुला नाव पाहिजे होतं ना? घाल आता."

"सर, देवगांडुळावर घालतो की. ह्येच्यावर न्हाई."

"धरला तूच ना?"

"धरला मीच. धर म्हनलं कोण? पेटीत घालून आणला कोण? दोन वर्सं वर्गात मिरवला कोण?"

"तुला काय फाशी देणार आहेत? अटेंडंट माणूस, समज देऊन सोडतील. माझी पेन्शन जवळ आलीय." सरांनी आवाज खाली आणला. "जागेची फाइल माझ्याच टेबलावर आहे. विचार कर."

"केला," अण्णा म्हणाले आणि टाकीचं पाणी बदलायला गेले.

*

वनखात्याची जीप आली तेव्हा सर कोट घालून तयार होते. अधिकारी तरुण होता, फाइल उघडून बसला. सर इंग्रजीत सांगू लागले की बाटलीचं जुनं लेबल खराब झालं असावं, आणि हा प्राणी सहलीच्या वेळी अटेंडंटने कुणाला न विचारता गोळा केला होता.

बाटलीवर अजून सात नंबरचा कागद होता. अण्णा वाटीभर पाणी आणि कापूस घेऊन आले. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी कागद भिजवला, कडेने नखाने सोडवला आणि अखंड काढून बाजूला ठेवला. खालचं लेबल जसंच्या तसं होतं. कलेक्टेड बाय, प्रोफेसर सी. व्ही. हुदलीकर. अधिकाऱ्याने ते मोठ्यांदा वाचलं.

पण सर सराईत होते. "अक्षर बघा," ते म्हणाले. "माझं नाही. यानेच माझं नाव परस्पर घातलंय. विचारा या बाईंना."

अधिकारी माझ्याकडे वळला. "अक्षर कुणाचं?"

मला सगळं सांगता आलं असतं. डबकं, छत्री, 'धर त्याला', तो फोटो. लेबलं कुणाच्या सांगण्यावरून लिहिली जातात तेही. ऑगस्टमध्ये मला नोकरीत कायम व्हायचं होतं आणि त्या कागदावर सरांची सही लागणार होती. दुसरं काहीही कारण नव्हतं. अडचण, घरची जबाबदारी, असलं काही मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. सगळं खोटं होतं. मी भित्री होते, एवढंच.

"सिद्रामअण्णांचं," मी म्हणाले.

अधिकाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला नाही. मीही पुढचं वाक्य बोलले नाही. त्याने लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. साक्षीदार म्हणून मी सही केली.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते अधिकाऱ्याशी बोलले, आणि त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला.

"साहेब, ही बाटली न्या. मेलेल्या जनावराला राखायला जीप घिऊन आलाय, लई चांगलं केलासा. पर एक दिवस खानापूरच्या शिवारात जावा. तितं रोज टेम्पो भरतोय बेडकांचा. मागचं पाय तोडून घेत्यात, बर्फात घालून परदेशाला धाडत्यात. धड टाकून देत्यात बांधावर. हालत असतंय ते, जितं असतंय. त्येचा खुलासा कुणाला मागितलासा? दोगं एका वर्गातलं हाईत. एकाला कायदा आणि एकाला कोयता, ह्ये कुठलं शास्तर?"

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने मान खाली घालून फाइलची नाडी बांधली. "कप्पीगे परमिट ऐत्री," तो कन्नडमध्ये म्हणाला. बेडकाला परवाना आहे. म्हणजे बेडूक मारायला परवाना आहे.

बाटलीला सील लावून ती जीपमध्ये ठेवली. कपाटाच्या फळीवर तिच्या बुडाचं गोल वर्तुळ राहिलं.

*

सरांना काही झालं नाही. अण्णांना मेमो मिळाला: विनापरवाना प्राणी बाळगणे, वरिष्ठांचे नाव परस्पर वापरणे. मेमो सर्व्हिस बुकात गेला आणि बढती गेली. खुर्चीवर ऑफिसातला एक पोरगेला कारकून आला. फॉर्मालिन कुठलं आणि स्पिरिट कुठलं हे तो अण्णांनाच विचारायचा, आणि अण्णा सांगायचे. मी ऑगस्टमध्ये कायम झाले. पेढे वाटले. अण्णांनी पेढा घेतला आणि कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. खाल्ला की नाही मला माहीत नाही.

दोनेक आठवड्यांनी धीर करून मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी..."

"तुमी खोटं बोलला न्हाईसा, बाई," ते म्हणाले. "अक्षर माझंच हुतं."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. अजूनही मला त्या वाक्याचा संताप येतो, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कुणी सापडत नाही.

लॅबला बेडूक पुरवायचा तो सोनुबाईचा भाऊ, भरमा. पूर्वी पावसाळ्यात एका खेपेला ओल्या पोत्यातून चाळीस-पन्नास बेडूक आणायचा. १९८६ साली त्याने पोतं टाकीत रिकामं केलं तेव्हा नऊ निघाले.

"बाकीचं कुठं हाईत रं?" अण्णांनी विचारलं.

"टेम्पोत गेलं, दाजी."

"कुणी दिलं टेम्पोला?"

भरमाने पोत्याच्या घड्या घातल्या. "समद्यांनी दिलं. मीबी दिलं. मी न्हाई दिलं तर शेजारी देणारच हुता."

"आणि भात कसं हाय औंदा?"

"किडं लागल्यात लई. औषद मारून हात गेलं."

"लागणारच की. किडं खाणाऱ्याचं पायच तोडलंसा तुमी," अण्णा म्हणाले. ते नऊ बेडूक त्यांनी डिसेक्शनला दिले नाहीत. मुलांना तक्त्यावरून शिकवा म्हणाले, आणि पहिल्यांदाच सरांनी वाद घातला नाही. त्या नऊ बेडकांचं पुढे काय झालं मी विचारलं नाही, पण शनिवारी अण्णा खानापूरच्या गाडीला बसले तेव्हा हातात भिजवलेलं पोतं होतं.

१९८७ साली बेडकाच्या पायांच्या निर्यातीवर बंदी आली. मी पेपर घेऊन लॅबमध्ये गेले, जणू ती बातमी मीच आणली होती. अण्णांनी उभ्या उभ्या वाचली आणि पेपर परत दिला. "बरं झालं," म्हणाले. "पर ह्ये सांगायला लई शिकलेली माणसं लागली आणि लई वर्सं लागली."

त्याच वर्षी मे महिन्यात अण्णा निवृत्त व्हायचे होते. लेबलं फिकी पडलीत, जायच्या आधी सगळी नवी लिहून काढ, असा सरांनी हुकूम सोडला. उन्हाळ्याच्या सुटीत, रिकाम्या कॉलेजात, अण्णांनी एकट्याने तीनशे बाटल्या खाली घेतल्या, पुसल्या, लेबलं लिहिली आणि परत जागेवर लावल्या. सरांनी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर न बघता सही केली. निरोप समारंभ झाला नाही. अटेंडंटचा करायची पद्धत नव्हती.

*

पुढच्या वर्षी हुदलीकर सर निवृत्त झाले आणि विभाग माझ्याकडे आला. मान्यतेसाठी तीन जणांची तपासणी समिती आली. दोघे वह्या बघत बसले. तिसरे, एक वयस्क गृहस्थ, कपाटापाशी गेले आणि बाटल्या एकेक करून वाचू लागले. आम्ही कुणी लेबलं वाचत नव्हतो. कुठली बाटली कुठल्या फळीवर ते पाठ होतं, हात आपोआप जायचा.

"तुमच्याकडे बरीच माणसं नमुने गोळा करत होती," ते गृहस्थ म्हणाले.

मी जवळ गेले. नाग: कलेक्टेड बाय जोतिबा मेत्री. पाणसाप: भरमा तळवार. भाताच्या खाचरातली गोगलगाय: सोनुबाई कोलकार. खेकडा: मालुबाई. तिचं आडनाव अण्णांना ठाऊक नसावं, तिथे गावावरून 'सांबऱ्याची' लिहिलं होतं. देवगांडूळ: एस. बी. कोलकार. सगळं त्या छापल्यासारख्या अक्षरात. मी पुढच्या फळीवर गेले, त्याच्या पुढच्या फळीवर गेले. ज्याने धरलं त्याचं नाव होतं. प्रोफेसर सी. व्ही. हुदलीकर हे नाव तीनशे बाटल्यांत मला एकदाही सापडलं नाही.

उभयचरांच्या फळीवर बेडूक होते, देवगांडूळ होतं, आणि मधे ते गोल वर्तुळ होतं. वर्तुळाच्या मागे, कपाटाच्या फळीला टेकवून, एक लेबल उभं केलं होतं. वर्षभर ते तिथे होतं आणि मी रोज त्याच्यासमोरून जात होते.

वर्ग उभयचर, गण सपुच्छ. हिमालयी सॅलॅमँडर. ठिकाण दार्जिलिंग. कलेक्टेड बाय एस. बी. कोलकार, बाय ऑर्डर. आणि खाली एक ओळ, जी दुसऱ्या कुठल्याही लेबलावर नव्हती: विटनेस, मिस वसुधा देसूरकर.

"बाटली दिसत नाही," ते गृहस्थ म्हणाले.

"वनखात्याने नेली."

"आणि ह्या साक्षीदार कोण?"

मागच्या टेबलाशी दोन शिपाई उभे होते, चहा घेऊन आलेले. तो कारकूनही होता, अण्णांच्या खुर्चीवरचा.

"मी," मी म्हणाले. "धरायला हुदलीकर सरांनी सांगितलं होतं. मी शेजारी उभी होते. विचारलं तेव्हा मी हे बोलले नाही."

त्या गृहस्थांनी लेबल पुन्हा एकदा वाचलं. मग वहीत काहीतरी टिपलं आणि पुढच्या फळीकडे वळले.